नानकटाईला बोंबलाचा वास

सुनेनं परवा मला एक रहस्यकादंबरी आणून दिली. "बाबा, तुमच्या धंद्यातली आहे," म्हणाली. कुठल्याशा लहान गावातली एक बेकरीवाली सकाळी केक भाजते आणि दुपारी खुनी शोधते. साठेक पानं वाचली आणि मलाच दम लागला. खुनाचं मी समजू शकतो. पण ही बाई गावभर चौकशा करत फिरते तेव्हा हिचं पीठ कोण मळतं? भट्टीपाशी कोण उभं असतं? तिच्या कमरेत एकदाही उसण भरत नाही, डोळ्यांत एकदाही धूर जात नाही. मी पुस्तक उशाशी पालथं घातलं आणि पडून राहिलो.

"आवडलं नाही का?" सुनेनं विचारलं.

"मीही केलेत असले उद्योग," मी म्हटलं. "पुरले एकदाच."

ती हसली. म्हातारा थट्टा करतोय असं तिला वाटलं असणार. मी थट्टा करत नव्हतो, पण सगळं सांगायचं म्हणजे उठून बसावं लागलं असतं. आता बसलोच आहे तर लिहून टाकतो.

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू झालं, त्या सुमाराला मी बोईसरला आलो. मूळचा सातारकडचा. पुण्यात एका बेकरीत सहा-सात वर्षं पीठ तुडवून काम शिकलो होतो. कुणीतरी सांगितलं, तिकडे माणूस लोटतोय आणि सकाळच्या चहाला धड पाव मिळत नाही. बायकोला घेतलं, पाम गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पत्र्याची शेड घेतली आणि भट्टी बांधली. केंद्राच्या वसाहतीतले लोक बहुतेक आमच्याच मुलखातले, कोणी कऱ्हाडचे, कोणी नगरचे, काही नागपूरचेही. त्यांना खारी आणि टोस्ट लागायचे. किनाऱ्यावरच्या लोकांना कडक बटर लागायचं, चहात बुडवून खायला. बांधकामावरच्या हिंदी बोलणाऱ्या मंडळींना काहीही चालायचं, फक्त वेळेवर पाहिजे. त्या वर्षांतलं मला सगळ्यात जास्त काय आठवतं म्हणाल, तर न मिळालेली झोप. चांगल्या दिवसांत मी उभ्याउभ्या पेंगायचो, वाईट दिवसांत माझ्यावर बायको खेकसायची आणि मी गिऱ्हाइकांवर.

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस तर विचारू नका. तेव्हा घरोघरी भट्टी-ओव्हन असली चैन नव्हती. बायका घरून मैदा, तूप, पिठीसाखर आणि वेलची घेऊन बेकरीत यायच्या, इथंच फरशीवर बसून नानकटाया वळायच्या आणि आमच्या पत्र्यांवर मांडून भाजून न्यायच्या. सकाळचे पाव निघाले, भट्टी जरा उतरली, की दुपारी नानकटाईची पाळी. एका वेळी चार-पाच घरांचे पत्रे आत जायचे. गफलत होऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असायची. कुणी वर चारोळी लावायचं, कुणी बाटलीचं बूच दाबायचं, कुणी काट्यानं रेघा ओढायचं.

माझी हेरगिरी तिथंच सुरू झाली. एका वर्षी दोघी जणी शिवणाचं अंगुस्तान दाबून खूण करत होत्या, आणि दोघींच्या नानकटाया एकमेकींत मिसळल्या. भांडण हातघाईवर आलं. मी दोन नानकटाया मोडल्या, उजेडात धरल्या. एक आतून पिवळसर होती, दुसरी पांढरी. "तुमचं तूप गाईचं की म्हशीचं?" एकेकीला बाजूला घेऊन विचारलं आणि पाच मिनिटांत दोन ढिगारे वेगळे करून दिले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या एक बाई, वसाहतीतल्या एका मोठ्या साहेबांच्या पत्नी, म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर गुप्तहेरच निघालात!"

तेव्हापासून मी गुप्तहेर. कुणाची छत्री हरवली, कुणाच्या अंगणातली कोंबडी गेली, की लोक पाव घेताघेता मला विचारायचे. दोन-चारदा माझा अंदाज बरोबरही निघाला. मला ते आवडायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू? दिवसभर पीठ मळणाऱ्या माणसाला कुणी हुशार म्हणत नाही. स्टेशनवरच्या स्टॉलवरून मी रहस्यकथा आणायला लागलो. बायको म्हणायची, "दूध करपलेलं तुम्हाला कळत नाही आणि निघालेत चोर शोधायला." खरं होतं ते. भट्टीच्या धुरानं माझं नाक केव्हाच गेलं होतं. बारा महिने सर्दी. पण नाक गेलं म्हणून डोकं गेलं नाही, असं मी तिला सुनवायचो.

बेकरीत माझ्या हाताखाली एक बाई होती. तारापूरपलीकडच्या कोळीवाड्यातली. नवरा समुद्रात बुडून गेलेला, घरी सासू आणि दोन लेकरं. दिराच्या होडीतून तिच्या वाट्याला फार काही येत नव्हतं. आधी ती म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात बसायची, पण तिच्या मानेचं काहीतरी झालं आणि पाटी उचलणं बंद पडलं. म्हणून माझ्याकडे आली. पत्रे घासणं, त्यांना तूप लावणं, भट्टीत सरकवायला देणं ही तिची कामं. फार बोलायची नाही. भट्टीच्या तोंडाशी नुसता तळवा धरून ती सांगायची, "आजून जरा थांबा, शेट." आणि तेवढंच थांबावं लागायचं.

वसाहतीतल्या बायकांना ती सुरुवातीला चालत नव्हती. बऱ्याच घरांतून मासळी वर्ज्य. "मासेवालीचा हात लागणार का आमच्या फराळाला?" असं तोंडावर विचारलं होतं त्यांनी. मी म्हटलं, हात धुऊन काम करते ती, माझी हमी. तेवढ्यावर ते निभलं. पण एक जरी तक्रार आली तरी तिला ठेवता येणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. आणि दुसरं काम तिला मिळणार नव्हतं.

त्या वर्षी साखरेची फार टंचाई होती. रेशनची साखर बायकांनी दोन-दोन महिने चहा गुळाचा पिऊन दिवाळीसाठी साठवली होती. त्यातच माझी लाकडं संपली. मासवणकडून जळाऊ लाकडाची गाडी यायची, पण भातकापणी चालू होती, गाडीवान शेतात. पाव थांबवता येत नाहीत आणि दिवाळीही थांबत नाही. तेव्हा मी किनाऱ्यावरून जुन्या वलांड्यांचे खांब आणि बांबू आणले. वलांड्या म्हणजे बोंबील वाळत घालायचे उभे-आडवे मांडव. मोसमाच्या सुरुवातीला लोक नवीन उभारतात आणि जुने टाकून देतात. स्वस्तात मिळाले म्हणून मी खुशीत होतो. सकाळच्या पावाला शिल्लक होती ती ऐनाची लाकडं घालायची आणि दुपारी भट्टी थोडी तापवून घ्यायला हे खांब, असा माझा हिशोब.

ती बाई ढिगाकडे बघून म्हणाली, "शेट, ही लाकडं भट्टीत नका घालू. बोंबलाचं पानी प्यालेली हायत ती."

मी पहाटेपासून उभा होतो. पाय सुजले होते. "तू पत्रे घास," मी म्हटलं. "भट्टी मी बघतो."

ती पत्रे घासायला बसली. तुम्हाला आत्ताच सगळं कळलं असेल. मला कळायला आठ दिवस लागले.

दुसऱ्याच दुपारी पहिले तीन पत्रे निघाले. गुप्तहेर म्हणणाऱ्या त्या साहेबांच्या बाईंनी एक नानकटाई उचलली, फुंकर घातली, चावली, आणि पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या. परत आल्या त्या डोळ्यांत पाणी घेऊन. "सुकट! माझ्या नानकटाईला सुकटीचा वास येतोय!" बाकीच्या दोघींनी आपापली चाखली. त्यांचंही तेच. मीही एक खाल्ली. मला गोड लागली. पण माझ्या जिभेचं आणि नाकाचं कोण ऐकणार? मी होकाराची मान हलवली.

बायका एकदम बोलायला लागल्या. साखर गेली, तूप गेलं, देवापुढे काय ठेवायचं? आणि मग एकेक नजर पत्र्यांपाशी बसलेल्या त्या बाईकडे वळली. कुणी काही म्हणायच्या आत मी हात वर केला. "थांबा. मी छडा लावतो."

केवढ्या रुबाबात म्हणालो होतो!

मी एकेक गोष्ट खोडत गेलो. मैदा? तिघींचा वेगवेगळ्या पोत्यांतला. तूप? एकीचं गाईचं, एकीचं म्हशीचं, एकीचा डालडा. पत्रे? सकाळी त्याच पत्र्यांवर खारी भाजली होती आणि ती अख्ख्या वसाहतीनं खाल्ली होती. नंतर आत गेलेल्या दोन पत्र्यांना वास जवळपास नव्हता, म्हणजे भट्टीचा दोष नसणार, असं मी ठरवलं. वास पहिल्या धुरातच होता आणि मग जळून गेला, हे साधं गणित माझ्या डोक्यात शिरलं नाही; त्या दोन पत्र्यांनाही तूप तिनंच लावलं होतं, हेही नाही. तिघींच्या नानकटायांना लागलेली एकच गोष्ट उरली, पत्र्यांना तूप लावणारे हात. आणि मला आणखी एक आठवलं. गेले काही दिवस ही बाई घरी जाताना भट्टीची राख फडक्यात बांधून नेत होती. कशाला नेत होती? गुप्तहेराला असलं काही दिसलं की तो फुगतो. मीही फुगलो.

"हात दाखव," मी म्हणालो.

ती उठली. दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. सात-आठ बायका बघत होत्या. मी वाकलो आणि तिचे हात हुंगले.

मला काहीही वास आला नाही. बोंबलाचा नाही, तुपाचा नाही, कशाचाच नाही. माझं नाक बंद होतं, त्या दिवशी आणि त्याआधीची कित्येक वर्षं. मी तसं म्हणू शकलो असतो. "मला कळत नाही," एवढं म्हणायला काय जात होतं? पण सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मी छडा लावणारा माणूस होतो. मी सरळ झालो आणि गप्प राहिलो. नुसता गप्प. त्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्यांनी घेतला आणि मी घेऊ दिला.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला माझं नाक माहीत होतं. पाव करपायला लागले की तीच मला हाक मारायची. ती रडली नाही, भांडली नाही. नळाखाली हात धुतले, पत्रे पुसायचं फडकं पिळून खिळ्यावर टांगलं आणि निघून गेली. साहेबांच्या बाई म्हणाल्या, "बरं झालं. सुंठीवाचून खोकला गेला." मी त्यांना पुढच्या भट्टीत माझ्या घरच्या मैद्यातुपाच्या आणि आमच्या वाटच्या साखरेच्या नानकटाया करून दिल्या. त्या छान झाल्या. मासवणची गाडी आठवडाभर पुरेल एवढं लाकूड टाकून गेली होती, पण लाकूड बदललं म्हणून वास गेला, हे माझ्या लक्षात आलं नाही.

दिवाळी गेली. आमच्या घरी त्या वर्षी नानकटाई नव्हती. बायको चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी म्हणाली, "तुम्हाला खरंच वास आला होता?" मी भट्टीतली राख ओढायला लागलो. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि ते जास्त लागलं.

भाऊबीज झाल्यावर चांगली लाकडं पुन्हा संपली. उरलेले खांब मी टोस्टच्या भट्टीला घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधकामावरचा एक गवंडी हातात टोस्ट घेऊन आला. "सेठ, भट्टी में मछली सुखाते हो क्या?" म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

ती बाई जाऊन आठ दिवस झाले होते. पत्र्यांना तूप आता माझी बायको लावत होती.

मी मागे ढिगापाशी गेलो. एक बांबू उचलला. त्याला जुन्या सुंभाची गाठ तशीच होती, आणि गाठीत बोंबलाची एक वाळकी शेपटी अडकलेली. असले बांबू मी स्वतःच्या हातानं भट्टीत घातले होते. बायकोला बोलावलं, एक फोडून जाळून दाखवला. तिनं नाकाला पदर लावला आणि आत गेली. मी तिथंच लाकडांवर बसलो.

दुपारी सायकल काढली. पाम मागे टाकून, तारापूर ओलांडून कोळीवाड्यात पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. वाळूत नव्या वलांड्या उभ्या होत्या आणि ती बोंबील अडकवत होती. मान एका बाजूला कलती धरून, एकेक. मला बघितलं तरी तिचा हात थांबला नाही. तिच्या झोपडीच्या सावलीत सासू जाळं घेऊन बसली होती. मी म्हटलं, "चूक झाली. वास लाकडांचा होता."

सासूनं वर बघितलं. "तिनं सांगितलवतं ना तुमाला?"

"सांगितलं होतं."

"दिवालीच्या कामापायी पंदरा दिस आमच्या घरात म्हावरं नाय शिजलं, शेट," म्हातारी म्हणाली. "पोरं रडत व्हती. ही बोलायची, हाताला वास रायला तर शेटचं नुसकान व्हईल, बाया तक्रार करतील. तुमच्या भट्टीची राख आनून हात घासायची, सकाळी आनि सांजचं. कातडी निगाली हाताची. आनि तुमी तेच हात हुंगलात?"

समुद्रावरच्या घरात पंधरा दिवस मासळी शिजली नव्हती, माझ्या पत्र्यांपायी. आणि ती राख! माझा मोठा पुरावा!

मी वलांडीपाशी गेलो. "उद्यापासून ये कामाला," म्हणालो.

तिनं एक बोंबील अडकवला, मग दुसरा. "बायांना सांगितलात?"

"सांगतो."

"मंग सांगा आदी," ती म्हणाली. "मी हितंच हाय."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, मग त्या आठवड्यात, मग नाताळच्या आधी. साहेबांच्या बाई रोज पाव न्यायच्या. ओठावर यायचं आणि परत जायचं. भट्टीचा दोष म्हटलं तर वसाहतीचं गिऱ्हाईक तुटेल, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं की मला हुशार राहायचं होतं. हरवलेल्या छत्र्यांची चौकशी मात्र मी बंद केली. कुणी विचारलं तर म्हणायचो, दमलोय. तेही खरंच होतं. वर्ष कसं गेलं कळलं नाही, आणि एक दिवसही चांगला गेला नाही.

पुढच्या दिवाळीला पुन्हा बायकांची रांग लागली. त्या रांगेत ती उभी होती. कोरं लुगडं, हातात डबा. मैदा, तूप, साखर सगळं घरचं. तिच्या पुढच्या-मागच्या बायकांनी थोडं अंतर ठेवलं होतं. तिची पाळी आली. तिनं डबा खाली ठेवला आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले, अगदी तसेच.

मी त्या तळव्यांकडे बघत राहिलो. बोटांना सुंभाचे वळ पडले होते. भट्टीपाशी बायको उभी होती, तिनं हातातलं काम थांबवलं.

"वास माझ्या लाकडांचा होता," मी म्हणालो.

"मोट्यानं बोला, शेट. मागच्या बायांना आयकू नाय गेला."

मी मोठ्यानं सांगितलं. लाकडं कुठली होती ते सांगितलं, तिनं आधीच बजावलं होतं ते सांगितलं, आणि तिचे हात हुंगले तेव्हा मला कसलाच वास आला नव्हता, तेही सांगितलं. मग साहेबांच्या बाई म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं हो, ती तसली नाही म्हणून."

त्यांच्याकडे तिनं बघितलंही नाही. हात खाली घेतले, फरशीवर बैठक मारली आणि नानकटाया वळायला घेतल्या. प्रत्येकीवर अंगठा दाबून खूण केली. मी पत्र्याला तूप लावायला गेलो तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः लावला. मग भट्टीच्या तोंडाशी तळवा धरून बघितला.

"आजून जरा थांबा," म्हणाली.

मी थांबलो. नानकटाया झाल्यावर तिनं त्या डब्यात भरल्या आणि झाकण लावलं. मी विचारलं, "येशील का परत कामाला?"

"नाय, शेट," ती म्हणाली. "पोरांना म्हावरं लागतं." आणि डबा कडेवर घेऊन पामच्या रस्त्याला लागली.